मगर पाण्याखालून पाहिली, म्हणून हे पत्र

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी भिलवडी परिसरात गेली ३१ वर्षं नदीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. वाइंडिंग भरणं, बेअरिंग बदलणं ही दुकानातली कामं, पण निम्मं आयुष्य काठावर आणि कमरेएवढ्या पाण्यात गेलं. मोटार पाणी ओढेना, हवा घ्यायला लागली की पहिला संशय फुटबॉलवर जातो. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, सक्शन पाईपच्या पाण्यातल्या टोकाला जी झडप असते तिला आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. तिच्या जाळीत काडीकचरा, प्लॅस्टिक अडकलं की झडप नीट बसत नाही, पाईपातलं पाणी खाली उतरतं आणि मोटार कोरडी फिरते. मग कुणीतरी नदीत उतरून पाईप उचलायचा, जाळी साफ करायची, पुन्हा सोडायचा. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मी.

त्याच पाण्यात मगरी राहतात. औदुंबर, अंकलखोप, आमणापूर, भिलवडी, पुढं डिग्रज, सांगलीपर्यंत त्या आहेत हे आपल्या वाचकांना नव्यानं सांगायला नको. डोह खोल, बंधाऱ्यांमुळं बारा महिने पाणी, काठाला मऊ माती, वर नदीकाठच्या मळीच्या रानात ऊस. मगरीला राहायला याहून चांगली जागा कुठली? या पट्ट्यात मगरीनं माणसं ओढून नेलेली आहेत, त्यात लहान पोरंही होती. तेव्हा मी पुढं जे लिहितो आहे ते सहलीला जाऊन आलेल्या माणसाचं कौतुक म्हणून वाचू नये.

चार वर्षांपूर्वी, शिवरात्रीच्या आसपास, एका शेतकऱ्याचा फुटबॉल उचलायला संध्याकाळी साडेपाचला उतरलो होतो. पाणी छातीला. माझ्या हाताखालचा पोरगा काठावर दोर धरून उभा. तो एकदम ओरडला, “काका, वर या!” काय झालं म्हणून मान वळवली तर पंधरा-वीस फुटांवर पाण्यात दोन गाठी दिसल्या. डोळे होते. आमची नजर भिडली असेल नसेल, त्या गाठी खाली गेल्या. उसळी नाही, शेपटीचा फटका नाही, पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. मी कसा बाहेर आलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाईप हातातून सुटला तो फुटबॉलसकट तळाला गेला.

त्या रात्री झोप लागली नाही. मगर दिसत होती तोवर ती कुठं आहे हे मला कळत होतं. दिसेनाशी झाल्यावर ती कुठल्या बाजूला गेली, खाली किती वेळ राहणार, मला ती बघू शकते का, यातलं काहीही मला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं नदीत उतरूनही मी मगर फक्त वरून बघितली होती. थंडीत काठावर उन्हाला पडलेली, नाहीतर पाण्यात दोन डोळे आणि नाकाचा शेंडा.

मगर खालून कशी दिसते ते मला गेल्या महिन्यात बघायला मिळालं. तेही नदीपासून इतक्या लांब, भायखळ्याच्या राणीच्या बागेत.

माझी भाची मुंबईत प्राणिशास्त्र शिकते. नातवाला नाताळची सुट्टी लागली तेव्हा तिचा फोन आला. “मामा, तुम्ही सगळे या. राणीच्या बागेत मगर पाण्याखालून बघता येते, तुम्ही बघायलाच पाहिजे.” मी, आमच्या मंडळी आणि सहा वर्षांचा नातू अशी रात्रीची महालक्ष्मी धरून गेलो. बुधवारी बाग बंद असते, म्हणून गुरुवारी सकाळी दार उघडायच्या वेळेलाच पोचलो. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचं आताचं नाव. लोकांसाठी ती १८६२ साली उघडली, त्यामुळं प्राण्यांआधी झाडंच बघत राहावीत अशी जागा आहे. गोरखचिंचेच्या बुंध्याला आमच्या मंडळींनी हात लावला आणि म्हणाल्या, “एवढं झाड आपल्या बांधावर असतं तर अख्ख्या गावाची सावली झाली असती.”

पेंग्विन बघितले. गर्दी तिथंच सगळ्यात जास्त. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी, २०१६ साली आणलेले, गारव्यात काचेमागं ठेवलेले. नातू खूश झाला. मला ते गोड वाटले, पण ते माझ्या ओळखीचे नव्हते, म्हणून पुढं सरकलो.

पक्ष्यांच्या मोठ्या जाळीघरात मात्र मन रमलं. तिथं पिंजऱ्याबाहेर उभं राहून आत बघायचं नसतं. दोन दारं ओलांडून आपणच आत जायचं. पहिलं दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पाखरं बाहेर जात नाहीत. आत पुलावरून चालताना वर, खाली, बाजूला पाखरं आपापल्या उद्योगात. एक चित्रबलाक कठड्यावर माझ्यापासून चार हातांवर बसला होता आणि चोचीनं पंखाखालचं एकेक पीस विंचरत होता. पिसाच्या मुळापासून टोकापर्यंत, मग पुढचं. नातू आपोआप हळू बोलायला लागला. त्याला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं.

भाचीनं तिथं उभ्या उभ्या सांगितलं की या पद्धतीला इमर्सिव्ह म्हणतात. जनावर आपल्यापुढं मांडून ठेवायचं नाही, त्याची जागा आधी तयार करायची आणि माणसाला त्या जागेत आणून सोडायचं. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या माणसानं १९०७ साली गज काढून टाकले आणि प्राणी व माणूस यांच्यामध्ये खंदक खोदले, तिथून हे सुरू झालं. पुढं सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या सिअॅटलच्या प्राणिसंग्रहालयानं गोरिलांसाठी झाडाझुडपांची खरी जागा उभी केली, आणि तीच झाडी बघणाऱ्यांच्या बाजूलाही लावली. माणसाला वाटलं पाहिजे की आपण जंगलात आलोय.

हे ऐकताना मला आपल्या सांगलीचं प्रतापसिंह उद्यान आठवलं. लहानपणी वडील गणपतीच्या दर्शनाला सांगलीला आणायचे. दर्शन झालं की उद्यानात सिंह बघायचा हा ठरलेला कार्यक्रम. चार पावलं इकडं, वळायचं, चार पावलं तिकडं. गजांच्या खाली सिमेंट गुळगुळीत झालेलं. त्या काळात सगळीकडं असेच पिंजरे असायचे, त्यात कुणा एकाचा दोष नव्हता. पण मी तिथून काय घेऊन घरी जायचो? सिंहाला वास येतो आणि तो सारखा फिरतो. एवढंच. सिंह कळपात राहतो, शिकार बहुतेक सिंहिणी करतात, तो दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतो, हे मला पुढं टीव्हीवर कळलं. सिंह समोर असताना कळलं नाही.

आता मगरीकडं येतो. त्यासाठीच हे पत्र आहे.

वरून बघायची जागा आहे तशी खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली उतरून काचेतून बघायची जागा आहे. आत जरा अंधार, आणि समोर हिरवट उजेड, कोयनेचं पाणी सुटायच्या आधी आपल्या डोहाला असतो तसा. पहिली दोन मिनिटं मला काही दिसलंच नाही. नातू म्हणाला, “आजोबा, लाकूड आहे.” ते लाकूड म्हणजे मगर होती. तळाला टेकून, काचेपासून हातभर अंतरावर.

मी खाली बसलो. तिच्या पोटाकडची बाजू पिवळसर पांढरी, चौकोनी खवल्यांची, एका ओळीत बसवलेल्या लाद्यांसारखी. पाठीवर शेवाळाचा थर. मागच्या पायांच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा. तोंड मिटलेलं होतं तरी खालच्या जबड्यातला एक दात वरच्या ओठाबाहेर दिसत होता. भाची म्हणाली, तो खालचा चौथा दात, मगरीची ही खूण आहे. आणि डोळा. डोळा उघडाच होता, पण मधेच एक पारदर्शक पापणी पुढच्या कोपऱ्यातून मागं सरकली आणि डोळ्यावर बसली. काचेमागं काच. पाण्यात डोळ्याला इजा होऊ नये आणि उजेडही कळत राहावा म्हणून ही तिसरी पापणी. म्हणजे त्या संध्याकाळी ती खाली गेली तेव्हा तिनं डोळे मिटले नव्हते.

आमच्या मंडळींनी मोबाईलमध्ये वेळ लावली. बावीस मिनिटं ती हलली नाही. एक लहान मासा तिच्या नाकासमोरून दोनदा गेला तरी नाही. नातू तेवढ्यात दोनदा फिरून आला. मग ती उठली. उठली म्हणजे पोहली नाही, पाय मारले नाहीत. आपली जागा सोडून वर वर आली, जसा रिकामा डबा पाण्यात सोडल्यावर वर येतो तशी, पण सावकाश. वर पोचल्यावर नाकाचा शेंडा आणि डोळे तेवढे बाहेर गेले, आणि बाकीचं सगळं अंग माझ्यासमोर पाण्यात तिरकं लोंबत राहिलं. पुढचे पाय पसरलेले, शेपूट खाली तळाकडं. साताठ फुटांचं जनावर.

संपादक साहेब, मला त्या क्षणी घाम फुटला. कारण वरून जे मी ३१ वर्षं बघत आलो ते हेच होतं. दोन गाठी आणि नाकाचा शेंडा. त्या दोन गाठींच्या खाली काय लोंबतं ते मला पहिल्यांदा दिसलं. आमच्याकडं पोरं म्हणतात, “लहान मगर होती, एवढीशी दिसली.” अरे, एवढंसं ते फक्त डोकं असतं. त्यावरून अंगाचा अंदाज कुणाला येणार?

आणि मग ती खाली गेली. तेही मी बघितलं. छातीतली थोडी हवा सोडली, मागच्या पायांनी पाणी वरच्या बाजूला हलकेच ढकललं, आणि सरळ खाली. म्हणूनच वर तरंग उठत नाही. चार वर्षं मी जे कोडं डोक्यात घेऊन फिरत होतो ते सुटलं.

भाचीला मी विचारलं की पाण्याखाली तिनं तोंड उघडलं तर पाणी पोटात, छातीत जात नाही का. ती म्हणाली, “मामा, तिच्या घशात मागं एक झडप असते. जिभेच्या मुळाशी. तोंड उघडं असलं तरी ती घसा बंद ठेवते. नाकाला आणि कानालाही तसंच झाकण असतं.” मी तिला म्हटलं, हा तर फुटबॉल झाला. आम्ही पाईपातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून झडप लावतो, तिला बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून झडप आहे. काम तेच. ज्या झडपेसाठी मी नदीत उतरतो तीच त्या नदीतल्या जनावराच्या घशात आहे, हे ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही.

बाकीही बरंच कळलं. मगर मार्चच्या आसपास काठावर खड्डा करून अंडी घालते, पंचवीस-तीस. पावसाच्या तोंडावर पिलं आतून आवाज करतात तेव्हा आई खड्डा उकरते आणि पिलं तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. ज्या जबड्याला आपण घाबरतो त्याच जबड्यात. पिलू नर होणार की मादी ते खड्ड्यातल्या उबेवर ठरतं. त्या दोन-तीन महिन्यांत मादी घरट्याजवळून हलत नाही आणि जवळ येणाऱ्यावर धावून जाते. आपल्याकडं बरोबर त्याच दिवसांत पाणी खाली गेलेलं असतं, पाईप वाढवायला माणसं काठावर उतरतात आणि पोरांना सुट्टी लागते. मला हे सगळं वेगवेगळं माहीत होतं, पण एकत्र जोडून कुणी सांगितलं नव्हतं.

काचेपाशी गर्दी वाढली तसं वाईटही वाटलं. एक तरुण काचेवर टकटक करत होता. एका बापानं किल्लीनं ठोकलं, मुलाला हलती मगर दिसावी म्हणून. “प्लॅस्टिकची आहे,” असं तिघाचौघांनी म्हटलेलं मी ऐकलं आणि दोन मिनिटांत ते निघूनही गेले. तेवढ्यात नातवानं मोठ्यानं विचारलं, “आजोबा, आपल्या नदीतली मगर अशीच आहे का?” मी सांगायला लागलो. आपली मगर, आपला डोह, माझा सुटलेला पाईप. शेजारी दादरचं एक कुटुंब होतं, त्यांनी विचारलं, “तुम्ही खरंच मगरीच्या पाण्यात उतरता?” मग आणखी माणसं थांबली. दहा-बारा जण तरी असतील. मी त्यांना तो बाहेरचा दात दाखवला, डोळ्यावरची काच दाखवली. किल्ली मारणारे गृहस्थही मुलाला खांद्यावर घेऊन बघत राहिले, आणि किल्ली कधी खिशात गेली ते त्यांनाही कळलं नसेल. सांगणारा माणूस असला की बघणारा थांबतो, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलं.

हेही लिहायला पाहिजे की कितीही चांगली केली तरी ती जागा हौदच. आपल्या मगरीला कृष्णेचे मैलच्या मैल मोकळे आहेत. तिथून निघताना मी एकदा मागं वळून बघितलं तर ती परत तळाला टेकली होती. तिनं आम्हाला पुष्कळ दिलं, तिला आमच्याकडून काही मिळालं असं मला म्हणवत नाही. म्हणून सांगलीतही असा हौद बांधून त्यात आपल्या नदीतल्या मगरी पकडून ठेवा, अशी माझी मागणी नाही. तसं कुणी सुचवलं तर मी विरोध करीन.

गावी आल्यावर पारावर हे सगळं सांगितलं. म्हातारी माणसं मगरीला सुसर म्हणतात. खरी सुसर वेगळी, लांब चिंचोळ्या तोंडाची, मासे खाणारी, चंबळेसारख्या उत्तरेकडच्या नद्यांत राहणारी. कृष्णेत आहे ती मगर. एका आजोबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “नाव काय का असंना, घेऊन जावा म्हणावं सगळ्या.” हा राग मला समजतो. ज्याच्या घरातलं पोर गेलं त्याच्यापुढं कायद्याचं कलम वाचून दाखवण्याची माझी हिंमत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मगरीला वाघाइतकंच संरक्षण आहे हे खरं. पण त्याहून साधी गोष्ट अशी की एका डोहातली उचलली तर तो डोह रिकामा राहत नाही, दुसरी येते. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा मगरी कुठल्या कुठं गेल्या होत्या. पाणी उतरल्यावर आमच्या इथं उसाच्या सरीत एक सापडली. नदी पुन्हा पात्रात गेली आणि मगरीही आपापल्या डोहांत आल्या.

माझं मागणं वेगळं आहे. ओडिशात भितरकनिकाच्या परिसरात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आपल्या मगरींपेक्षा मोठ्या आणि तापट. तिथं गावांच्या आंघोळीच्या घाटांना वनखात्यानं पाण्यात कुंपणं घातली आहेत. आत माणूस धुणं धुतो, आंघोळ करतो, बाहेर मगर. आपल्याकडं धुण्याचे घाट, गुरं पाण्यावर न्यायच्या जागा आणि मोटारी बसवायच्या जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक गावात दोन-तीन ठिकाणी असं कुंपण होणं अशक्य नाही. दोन वर्षांपूर्वी मी यासाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तेव्हा मला नुसतं भीतीनं मागता येत होतं. आता मगर पाण्याखाली कशी येते ते मी बघितलं आहे, कुंपण तळापर्यंत गेलं पाहिजे आणि खालून फट राहता कामा नये हे मी सांगू शकतो.

दुसरं, नदीकाठी एक खोली पाहिजे. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला वर्षभर माणूस येतो, त्या बाजूला कुठंतरी. त्यात जिवंत मगर नको. साताठ फुटांची हुबेहूब प्रतिकृती छताला तिरकी टांगायची, नाक आणि डोळे वरच्या निळ्या पत्र्यातून बाहेर काढलेले, बाकी अंग खाली. वरच्या मजल्यावरून पोरांनी बघायचं, दोन गाठी दिसतील. मग जिन्यानं खाली उतरून बघायचं. मला रांगेत उभं राहून आणि गाडीभाडं खर्चून मुंबईत जे कळलं ते भिलवडीच्या, अंकलखोपच्या शाळेतल्या पोराला दहा मिनिटांत कळेल. घशातल्या झडपेचं मॉडेल मी स्वतः करून देईन, जुना फुटबॉल कापून. आणि सध्या थंडीत मगरी उन्हाला पडलेल्या असतात तेव्हा पलीकडच्या काठावरून, लांबून, दुर्बिणीनं त्या दाखवायला गावातलीच दोन पोरं शिकवून उभी करावीत. सांगायला माणूस पाहिजे, हे मी वर लिहिलंच आहे.

हे आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी सागरेश्वरला जाऊन यावं. उघडाबोडका डोंगर होता. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, गावकऱ्यांनी झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली आणि १९८५ साली त्याचं अभयारण्य झालं. आमच्यापासून काही फार लांब नाही ते. वन्य प्राण्यासाठी जागा तयार करणं काय असतं हे सांगली जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चांदोलीत तर आता ताडोब्याहून वाघीण आणून सोडली आहे. डोंगरातल्या वाघासाठी एवढं होतं, तर नदीतल्या मगरीसाठी आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या माणसासाठी दोन कुंपणं आणि एक खोली का होऊ नये?

आपल्या अंकात मगरीची बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा ती कुणाला तरी ओढून नेल्याची किंवा पकडल्याची असते. ती यायलाच हवी. पण फेब्रुवारीत, अंडी घालायच्या आधी, एकदा पहिल्या पानावर एवढंच छापा की मादी कुठल्या महिन्यात कुठं बसते, दिसणारं डोकं आणि न दिसणारं अंग यांचं माप काय, आणि संध्याकाळी पाण्यात उतरणाऱ्यानं काय पाळायचं. चित्र काढून छापा. आमच्याकडं तो कागद मोटारीच्या पेटीत चिकटवला जाईल.

कुंपणासाठी दीड इंची पाईप आणि जाळी कुणी दिली तर कापणं, वेल्डिंग, बसवणं हे सगळं काम मी आणि आमच्या धंद्यातले आणखी चौघे मजुरी न घेता करू. मी त्यांना विचारूनच हे लिहितो आहे. पहिलं कुंपण कुठं घालायचं ती जागाही आम्ही नक्की केली आहे, माझा पाईप जिथं सुटला तिथल्या धुण्याच्या घाटावर. सध्या तिथं पाणी कमरेच्या वर आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ते गुडघ्याला येतं आणि महिनाअखेरपर्यंत खाली माणसानं उतरण्यासारखं राहतं. मार्च लागला की तिथं उतरू नये. म्हणजे हातात जेमतेम पंधरा दिवस आहेत. हे पत्र त्याआधी छापावं, ही नम्र विनंती.

आपला,
एक मोटार दुरुस्ती कारागीर
भिलवडी परिसर, ता. पलूस, जि. सांगली